मुलाखतीला निघताना: काय सोबत न्यावे, काय घरी ठेवावे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या मुलामुलींची आणि त्यांच्या आईवडिलांची आहेत, म्हणून हे सदर त्याच एका विषयाला दिले आहे. मी वाळूज येथील एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात बरीच वर्षे काम केले आणि टेबलाच्या पलीकडे बसून उमेदवारांच्या पिशव्या उघडताना पाहिल्या. त्याआधी मी स्वतःही परभणीहून अशीच एक पिशवी घेऊन निघाले होते. पुढील उत्तरे या दोन्ही अनुभवांतून लिहिली आहेत.

प्रश्न: मी हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात राहतो. फिटर ट्रेडचा आयटीआय अभ्यासक्रम आणि एक वर्षाची अप्रेंटिसशिप पूर्ण केली आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एका कंपनीत पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे. वडील म्हणतात, घरातले सगळे कागद घेऊन जा, कोणता लागेल सांगता येत नाही. मित्र म्हणतो, सगळे मोबाईलमध्ये असताना कागद कशाला? कोणाचे ऐकावे?

उत्तर: कागद अवश्य न्यावेत, परंतु घरातले सगळे नेऊ नयेत. एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तुमच्यासारखाच एक मुलगा मुलाखतीला आला होता. दहावीचे गुणपत्रक मागितल्यावर त्याने कापडाच्या दुकानाची गुलाबी पिशवी टेबलावर पालथी केली. तीतून रेशनकार्ड निघाले, बहिणीचे बोनाफाईड निघाले, लाईटबिल निघाले, बापाच्या नावाचा सातबारा निघाला आणि गुणपत्रक सर्वांत शेवटी, चार घड्या घातलेले असे निघाले. मुलाचे ट्रेडचे ज्ञान चांगले होते. व्हर्निअर कॅलिपरचे लघुत्तम माप त्याने न अडखळता सांगितले होते. परंतु त्यानंतरची दहा मिनिटे त्याचे लक्ष आमच्या प्रश्नांकडे नव्हते, टेबलाखाली घसरलेल्या सातबाऱ्याकडे होते. त्यामुळे मी नेहमी सांगते की, मागितलेला कागद न बघता, नुसत्या हाताने सापडला पाहिजे, आणि त्यासाठी फाईलमध्ये कागद मोजके असले पाहिजेत.

खासगी कारखान्याच्या मुलाखतीसाठी दहावीचे गुणपत्रक आणि प्रमाणपत्र, आयटीआयची गुणपत्रके आणि ट्रेडचे प्रमाणपत्र, शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र किंवा ते अजून हाती आले नसल्यास ज्या कारखान्यात काम शिकलात तिथले पत्र, आधारकार्ड, बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, चार फोटो आणि बायोडाटाच्या तीन प्रती एवढे पुरेसे आहे. मूळ प्रती एका फाईलमध्ये आणि झेरॉक्स दुसऱ्या फाईलमध्ये, दोन्हींचा क्रम एकच, असे ठेवावे. झेरॉक्सवर स्वतःची सही घरूनच करून न्यावी. आपल्या राज्यात २०१५ पासून बहुतेक शासकीय कामांनाही स्वयंसाक्षांकित प्रत चालते, त्यामुळे राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीसाठी तालुक्याला हेलपाटे घालण्याची गरज राहिलेली नाही. प्रात्यक्षिकाची वही, जिच्यात तुम्ही केलेल्या जॉबची, म्हणजे घडवलेल्या भागांची, मापे आणि आकृत्या आहेत, ती मात्र न विसरता न्यावी. ती कोणी मागणार नाही, तरीही न्यावी. हातात ती वही असलेला मुलगा आपल्या कामाविषयी बोलू लागला की त्याचा आवाज बदलतो, हे मी कितीतरी वेळा अनुभवले आहे. हत्यारे नेऊ नयेत. ट्रेड टेस्ट झाली तर कानस, हॅक्सॉ, मायक्रोमीटर सगळे कारखाना देतो, आणि पिशवीत कानस निघाली तर गेटवरच खुलासे देत बसावे लागते. पायात मात्र बंद बूट असावेत, कारण चपला किंवा सँडल घालून आलेल्या उमेदवाराला शॉपमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष काम चालते त्या भागात, नेता येत नाही.

जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास हे सगळे खासगी मुलाखतीला घरी ठेवावे. तेच शासकीय भरतीची कागदपत्र पडताळणी असेल तर उलटे आहे. तिथे जाहिरातीत लिहिलेला प्रत्येक कागद मूळ स्वरूपात लागतो, नॉन-क्रिमीलेअरची मुदत ज्या ३१ मार्चला संपते ती तारीख तपासून घ्यावी लागते, आणि केंद्र सरकारच्या नोकरीसाठी इतर मागासवर्गाचा दाखला वेगळ्या, केंद्राच्या नमुन्यात काढावा लागतो. पडताळणीच्या आदल्या दिवशी सेतू केंद्रासमोर रांगेत उभी असलेली मुले पाहिली की जीव तुटतो. हे काम अर्ज भरतानाच करून ठेवायचे असते.

आता मोबाईलविषयी. डिजिलॉकरमध्ये मंडळाने किंवा शासकीय खात्याने स्वतः दिलेला दस्तऐवज कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो, आपणच फोटो काढून चढवलेल्या कागदाला मात्र ती किंमत नाही. तरीही तुमच्या मित्राचा सल्ला कारखान्याच्या मुलाखतीला उपयोगी नाही, कारण अनेक कारखान्यांत मोबाईल गेटवर जमा करावा लागतो किंवा त्याच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावला जातो. मोबाईल गेटवर आणि कागद मोबाईलमध्ये, अशी स्थिती झाली तर आत जाऊन दाखवणार काय? त्याच कारणासाठी कंपनीचा पूर्ण पत्ता, प्लॉट क्रमांक आणि ज्यांनी बोलावले त्यांचा दूरध्वनी क्रमांक एका कागदावर हाताने लिहून शर्टाच्या खिशात ठेवावा.

पत्ता लिहिताना वसाहतीचे नाव नीट पाहावे. नुसते ‘एमआयडीसी’ म्हणून चालत नाही. तुम्ही जालन्यावरून येणार, म्हणजे शेंद्रा आणि चिकलठाणा या वसाहती तुम्हाला शहराच्या अलीकडेच लागतील, वाळूज मात्र शहर ओलांडून पुण्याच्या रस्त्यावर आहे. शेंद्र्याला मुलाखत असलेला मुलगा बसमध्ये बसून मध्यवर्ती स्थानकापर्यंत गेला आणि तिथून पुन्हा मागे आला, असे दर भरतीत घडते. रिक्षासाठी दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा वेगळ्या ठेवाव्यात.

प्रश्न: मी अंबाजोगाईची असून एम.ए., बी.एड. आहे. लातूरच्या एका शिक्षणसंस्थेत मुलाखत आणि नमुना पाठ आहे. माझी सर्व गुणपत्रके माहेरच्या नावाने आणि आधारकार्ड सासरच्या नावाने आहे. शिवाय माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. तिला घरी ठेवून जावे की सोबत न्यावे?

उत्तर: ताई, नावाचा प्रश्न सोपा आहे. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, आणि नाव बदलल्याची राजपत्रातील नोंद केली असेल तर तीही, फाईलमध्ये सर्वांत वर ठेवावी, आणि बायोडाटावर सासरच्या नावाखाली ‘माहेरचे नाव’ म्हणून गुणपत्रकावरचे नाव जसेच्या तसे लिहावे. समितीने विचारण्याआधीच उत्तर समोर असले की त्या विषयावर वेळ जात नाही.

मुलीविषयी माझे मत ठाम आहे. ती अंगावर पीत असेल तर तिला सोबत न्यावे. घरी ठेवून गेलात तर पाठ शिकवताना अर्धे मन अंबाजोगाईत राहील, आणि अंगावरचे दूध दाटून आले की होणारा त्रास तुम्हाला सांगायला नको. परंतु सोबत सासूबाई, आई किंवा नणंद, कोणीतरी हवेच. लेकरू घेऊन मुलाखतीच्या खोलीत जाऊ नये. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, तेव्हा एका सोबतिणीचा खर्च फारसा जड जाणार नाही. संस्थेला आदल्या दिवशी फोन करून, ‘सोबत लहान मूल आणि एक बाई असतील, बसायला जागा मिळेल का’, एवढे विचारावे. हे विचारण्यात कमीपणा वाटून घेऊ नये. मुलीची पिशवी पूर्णपणे वेगळी असावी आणि ती सोबतिणीच्या खांद्यावर असावी. दुधाची बाटली, पेज, लंगोट आणि तुमची प्रमाणपत्रे यांची एका पिशवीत गाठ पडू देऊ नये. तुमच्या स्वतःच्या पिशवीत एक जादा ब्लाउज ठेवावा आणि आत जाण्याआधी मुलीला पाजून घ्यावे.

नमुना पाठासाठी त्या इयत्तेचे बालभारतीचे पुस्तक, स्वतःच्या अक्षरातील पाठटाचण आणि चार-सहा खडू न्यावेत. वर्गात खडू मिळेलच असे नाही, आणि मिळाला तर तो बहुधा चिमटीत न धरता येणारा तुकडा असतो. मोठे तक्ते, थर्माकोलच्या प्रतिकृती, लॅपटॉप घरी ठेवावे. दहा मिनिटांच्या पाठात प्रतिकृतीचे वेष्टन सोडण्यातच तीन मिनिटे जातात. समितीला पाहायचे असते ते तुमचे फळ्यावरचे अक्षर आणि मागच्या बाकापर्यंत पोहोचणारा आवाज.

प्रश्न: मी निलंगा तालुक्यातला पदविकाधारक अभियंता आहे. मुंबईत मुलाखत आहे. लातूरहून रात्रीच्या मुंबई गाडीने जाणार आणि त्याच रात्री परतणार. मुंबईत ओळखीचे कोणी नाही. कपडे, जेवण, सामान यांचे कसे करावे?

उत्तर: मुलाखतीचे कपडे अंगावर घालून प्रवास करू नये. रात्रभर बर्थवर लोळलेल्या शर्टाची इस्त्री राहत नाही, आणि आपल्याकडची कोरडी हवा सोडून मुंबईच्या दमट हवेत उतरल्यावर अर्ध्या तासात पाठ ओली होते. शर्ट असा घडी करावा: बटणे सगळी लावून तो पालथा घालावा, पाठीवर कोऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा ठेवावा, बाह्या त्यावर आडव्या दुमडाव्यात आणि खालचा भाग वर आणून घडी पूर्ण करावी. पुठ्ठ्याऐवजी वर्तमानपत्र घालू नये, कारण घामट हवेत त्याची शाई पांढऱ्या कापडाला लागते. वर पँट, आणि हे सर्व प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत सर्वांत वर ठेवावे. शर्ट नवा शिवायचा असेल तर सुती घ्यावा आणि मुलाखतीआधी एकदा तरी दिवसभर घालून पाहावा, बुटांचेही तसेच. नव्या बुटांनी पायाला आलेला फोड घेऊन कार्यालयाचे जिने चढणारी मुले मी पाहिली आहेत.

मुंबईत उतरल्यावर स्थानकाच्या प्रतीक्षालयात तोंड धुऊन दाढी करावी, परंतु मुलाखतीचा शर्ट तेव्हाच घालू नये. लोकलचा प्रवास करायचा असेल तर तो साध्या शर्टावर करावा आणि कार्यालयाजवळ पोहोचल्यावर एखाद्या हॉटेलात चहा घेऊन तिथे शर्ट बदलावा. मोठी बॅग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या क्लोकरूममध्ये ठेवता येते. तिथे बॅगेला कुलूप लागते आणि प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते, म्हणून एक लहान कुलूप घरूनच न्यावे. अट एवढीच की मूळ कागदपत्रांची फाईल त्या बॅगेत कधीही राहू देऊ नये. गाडीतही फाईल वरच्या रॅकवर न ठेवता उशाशी घ्यावी.

जेवणासाठी धपाटे किंवा दशम्या उत्तम, दोन दिवस टिकतात आणि पोटाला सोसतात. फक्त त्यांचा डबा वेगळ्या पिशवीत असावा. हे मी एवढ्या आग्रहाने सांगते, कारण माझ्या पहिल्या मुलाखतीला आईने धपाटे फडक्यात बांधून दिले आणि मी ते घाईत फाईलवरच ठेवले. रात्रभरात तेल फडक्यातून फाईलमध्ये आणि फाईलमधून बारावीच्या गुणपत्रकात उतरले. तो डाग मंडळाच्या शिक्क्याला लागून आहे. कागद उजेडाकडे धरला की त्यातून पलीकडची बोटे दिसतात. पुढे प्रत्येक नोकरीत तो कागद दाखवताना मला त्या डागाचा खुलासा द्यावा लागला. म्हणून गुणपत्रक पारदर्शक कप्प्यात ठेवावे. लॅमिनेशन मात्र करू नये, कारण पुढे परदेशासाठी साक्षांकन करायची वेळ आली तर लॅमिनेट केलेला कागद अडतो. लसणाची चटणी आणि ठेचा परतीच्या प्रवासात खावा, मुलाखतीच्या आधी नको.

प्रश्न: माझ्या जुन्या कागदांवर ‘औरंगाबाद’ असे आहे आणि आता पत्त्यात ‘छत्रपती संभाजीनगर’ लिहावे लागते. मुलाखतीत अडचण येईल का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: येणार नाही. हे नामांतर २०२३ साली शासनाच्या अधिसूचनेने झाले आहे आणि जुन्या नावाने दिलेले कागद त्यामुळे रद्द होत नाहीत. बायोडाटावर आजचे नाव लिहावे, जुन्या प्रमाणपत्रावर खाडाखोड करू नये. धाराशिवच्या वाचकांनाही हेच लागू आहे.

प्रश्न: मी गेवराई तालुक्यातला शेतकरी आहे. मुलाला वाळूजच्या कंपनीतून बोलावणे आले आहे. मोठ्या खटपटीने आमदार साहेबांची चिठ्ठी मिळवली आहे. ती मुलाजवळ द्यावी की मी स्वतः सोबत जाऊन साहेबांच्या हाती द्यावी?

उत्तर: दादा, आपण ही चिठ्ठी मिळवण्यासाठी किती दारांत उभे राहिला असाल याची मला कल्पना आहे, म्हणून हे लिहिताना मन जड होते, तरीही माझी विनंती आहे की ती चिठ्ठी घरी देवाजवळ ठेवावी.

टेबलाच्या पलीकडे काय होते ते सांगते. मुलाखत घेणारे दोघे-तिघे असतात. चिठ्ठी एकाच्या हाती पडली की बाकीचे त्याच्याकडे पाहू लागतात, आणि तिथून पुढे त्या मुलाला चांगले गुण द्यायला प्रत्येकजण बिचकतो, कारण उद्या कोणी म्हणेल, चिठ्ठीवर घेतला. स्वतःच्या हुशारीने निवडला जाणारा मुलगाही अशाने मागे राहतो. आणि समजा घेतलाच, तर शॉपमध्ये पहिल्या दिवसापासून तो ‘चिठ्ठीवाला’ म्हणून ओळखला जातो. सुपरवायझर त्याला काम शिकवायला उत्सुक नसतो आणि बरोबरीची मुले मोकळेपणी बोलत नाहीत. हे नाव पुसायला वर्षे लागतात. शासकीय भरतीत तर वशिला लावण्याचा प्रयत्न केल्यास उमेदवार अपात्र ठरू शकतो, अशी अट जाहिरातीतच छापलेली असते.

पत्रच द्यायचे असेल तर त्याच्या आयटीआयच्या निदेशकांचे किंवा ज्यांच्या वर्कशॉपमध्ये त्याने सुट्टीत काम केले त्या मालकांचे घ्यावे. ‘या मुलाने माझ्याकडे सहा महिने वेल्डिंग केले, वेळेवर येत होता’, एवढ्या दोन ओळी, खाली सही आणि फोन नंबर. असे पत्र आम्ही खरोखर वाचत असू आणि त्या नंबरवर फोनही करत असू.

सोबत जाण्याविषयी म्हणाल तर शहरापर्यंत जरूर जावे, पहिल्यांदा एवढ्या लांब जाणाऱ्या मुलाला त्याचा आधार वाटतो. परंतु कंपनीच्या गेटवर थांबू नये. आत बसलेल्या मुलाला बाप उन्हात उभा आहे हे माहीत असले की तो उत्तरे उरकू लागतो, आणि मुलाखत कधी दोन तासांत संपते तर कधी सायंकाळपर्यंत चालते. आपण बजाजनगरात किंवा वाळूजजवळच्याच पंढरपूर गावाच्या नाक्यावर एखाद्या सावलीच्या जागी बसावे आणि ती जागा मुलाला आधी दाखवून ठेवावी. घरच्या देवाचा अंगारा मुलाच्या खिशात द्यावासा वाटत असेल तर जरूर द्यावा, पुडी मात्र घट्ट बांधावी आणि फाईलपासून दूर ठेवावी.

प्रश्न: एका एजन्सीने व्हॉट्सॲपवर मुलाखतीचे पत्र पाठवले आहे. येताना मूळ प्रमाणपत्रे जमा करण्यासाठी आणावीत आणि पाच हजार रुपये अनामत भरावी असे त्यात लिहिले आहे. काय न्यावे? (एक वाचक, जालना)

उत्तर: काहीही नेऊ नये, आणि जाऊही नये. खरी कंपनी मुलाखतीसाठी किंवा नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, आणि मूळ प्रमाणपत्रे पाहून तिथल्या तिथे परत करते. महाविद्यालयांनीसुद्धा विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली बजावले आहे. कंपनीचे नाव पत्रात असेल तर तिच्या अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकावर फोन करून खात्री करावी. पत्रात छापलेल्या क्रमांकावर करू नये. पैसे ऑनलाइन भरून झाले असतील तर एक तासही न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी आणि व्हॉट्सॲपवरचे सगळे संदेश जपून ठेवावेत.

ज्या वाचकांची प्रमाणपत्रे अशा कोणाकडे आधीच अडकली आहेत, त्यांनी प्रत्येक कागदाचे नाव आणि क्रमांक लिहून लेखी मागणी करावी, तिची पोच घ्यावी आणि न मिळाल्यास पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. दहावी-बारावीच्या गुणपत्रकाची दुय्यम प्रत मंडळाच्या विभागीय कार्यालयातून मिळते. लातूर, नांदेड आणि धाराशिव या जिल्ह्यांसाठी हे कार्यालय लातूरला आहे, आणि जालन्यासह मराठवाड्यातील उरलेल्या पाच जिल्ह्यांसाठी छत्रपती संभाजीनगरला. अर्जात परीक्षेचे वर्ष, महिना आणि आसन क्रमांक लागतो, तेव्हा प्रत्येक गुणपत्रकाची एक झेरॉक्स घरातल्या पेटीत आजच ठेवून द्यावी.